शुक्राणूची पात्रता : अहवालात न दिसणारी प्रथिने

मंडळाच्या स्मरणिकेत बालरोगतज्ज्ञाने अतिसार, कुपोषण किंवा लसीकरण यांवर लिहावे अशी वाचकांची अपेक्षा असते, आणि ती रास्तही आहे. यंदा मात्र मी जन्माच्याच नव्हे, तर गर्भधारणेच्याही आधीचा विषय निवडला आहे. त्याचे कारण बागली परिसरातील माझ्या व्यवसायात दडलेले आहे. तान्ह्या बाळाला घेऊन चार-पाच माणसे येतात. बाळाची तपासणी होते, औषध लिहून होते, मंडळी उठतात आणि त्यांच्यातली एखादी काकू किंवा मामी मागे रेंगाळते. तिच्या लग्नाला सहा-सात वर्षे झालेली असतात. प्लास्टिकच्या पिशवीतून ती एक घडी पडलेला कागद काढते. तो तिच्या पतीच्या वीर्यतपासणीचा अहवाल असतो आणि तळाशी 'नॉर्मल' या शब्दाभोवती कोणीतरी पेनाने गोल केलेला असतो. "त्यांचं तर सगळं ठीक आहे म्हणतात, डॉक्टरसाहेब. मग माझ्यातच काही असेल ना?"

हा कागद घरात निकालपत्र म्हणून वापरला जातो. तो गोल केलेला शब्द पतीची सुटका करतो आणि पत्नीला दोषी ठरवतो. ओंकारेश्वर होते, उज्जैन होते, इंदूरचे दोन-तीन दवाखाने होतात आणि पुढे कोणीतरी दुसऱ्या लग्नाची भाषा काढतो. म्हणूनच तो कागद नेमके काय मोजतो आणि काय मोजत नाही, हे डॉक्टरांनी आणि डॉक्टर नसलेल्या वाचकांनीही समजून घेणे अगत्याचे वाटते.

वीर्यतपासणीत द्रवाचे आकारमान, शुक्राणूंची संख्या, त्यांची हालचाल आणि त्यांचे बाह्य स्वरूप पाहिले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सहाव्या आवृत्तीत खालच्या मर्यादा दिल्या आहेत : मिलिलिटरला १ कोटी ६० लाख, एका वेळच्या वीर्यात एकूण ३ कोटी ९० लाख, पुढे सरकणारे ३० टक्के आणि निर्दोष स्वरूपाचे ४ टक्के. हे आकडे कोठून आले ते पुष्कळदा विसरले जाते. ज्यांच्या पत्नींना प्रयत्न सुरू केल्यापासून बारा महिन्यांच्या आत दिवस गेले, अशा पुरुषांच्या तपासण्यांतील तळाच्या पाच टक्क्यांची ती सीमारेषा आहे. तिच्या खाली असलेल्यांनाही मुले झाली आहेत, आणि तिच्या वर असलेल्या प्रत्येकाला होतीलच असे ती रेषा सांगत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली शेपटी हलवणारा शुक्राणू स्त्रीबीजाला ओळखू शकेल की नाही, हे त्याच्या पृष्ठभागावरील प्रथिनांवर अवलंबून असते आणि ती प्रथिने या तपासणीत दिसतच नाहीत.

आता मूळ विषयाकडे वळू.

शुक्राणूची घडण वृषणात होते व तिला सुमारे ७४ दिवस लागतात, हे आपण वैद्यकीय महाविद्यालयात पाठ केलेले आहे. त्या घडणीच्या अखेरच्या टप्प्यात एक विलक्षण गोष्ट घडते. इतर सर्व पेशींत डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. शुक्राणूत यांतील बहुतेक हिस्टोन काढून टाकले जातात आणि त्यांच्या जागी प्रोटॅमिन ही लहान, अर्जिनीनने समृद्ध अशी प्रथिने येतात. (प्रोटॅमिनला हे नाव देणारा फ्रीडरिश मीशर. बाझेल येथे ऱ्हाइन नदीतील सामन माशांच्या शुक्राणूंतून त्याने ते १८७४ मध्ये वेगळे केले. न्यूक्लिईक आम्लाचा शोधही त्याचाच, तो १८६९ मधला, जखमांच्या पट्ट्यांवरील पुवातून लावलेला.) प्रोटॅमिनमुळे डीएनए इतका घट्ट बांधला जातो की केंद्रक आक्रसते, डोके निमुळते होते आणि प्रवासास सुटसुटीत बनते. पण याची किंमतही मोजावी लागते. बांधलेले गाठोडे उघडता येत नाही. जनुके वाचता येत नाहीत, आणि म्हणून गरजेप्रमाणे नवे प्रथिन तयार करण्याची सोय शुक्राणूजवळ राहत नाही. घरची चूल विझवून, शिदोरी बांधून निघालेल्या यात्रेकरूसारखी त्याची अवस्था होते. पुढे जे काही लागेल ते वाटेत दुसऱ्यांनी द्यायचे, किंवा जवळ आहे त्यातच काटछाट करून भागवायचे.

वृषणातून बाहेर पडलेला शुक्राणू दिसायला पूर्ण असतो, पण त्याला धड पोहता येत नाही आणि स्त्रीबीजाजवळ नेऊन सोडला तरी तो त्याला चिकटू शकत नाही. त्याला लायक बनवण्याचे काम अधिवृषणात, म्हणजे एपिडिडिमिसमध्ये होते. वृषणाच्या पाठीशी चिकटलेली ही एकच नळी उलगडली तर सुमारे सहा मीटर लांब भरते. शिर, काया आणि पुच्छ असे तिचे भाग आहेत आणि त्यांतून जाण्यास शुक्राणूला काही दिवस लागतात. आमच्या शिकण्याच्या काळात हा अवयव अर्ध्या पानात संपत असे. साठवणीची कोठी, एवढीच त्याची ओळख होती. आज ती ओळख अपुरी ठरली आहे. या नळीच्या प्रत्येक भागातील पेशी वेगवेगळी प्रथिने स्रवतात, त्यामुळे शुक्राणू जसजसा पुढे सरकतो तसतसा भोवतालचा द्रव बदलतो आणि त्याबरोबर शुक्राणूचे आवरणही बदलत जाते.

हा बदल केवळ बाहेरून लेप चढण्याचा नाही. वृषणातच तयार झालेली काही पृष्ठप्रथिने येथे कापली जातात व त्या कापण्यानेच ती कार्यक्षम होतात. फर्टिलीन नावाच्या प्रथिनाची अशी छाटणी गिनीपिगमध्ये दाखवली गेली आहे. काही प्रथिने डोक्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात सरकतात. प्रोटॅमिनमधील गंधकयुक्त गटांमध्ये परस्पर बंध तयार होतात आणि केंद्रकाचे गाठोडे आणखी आवळले जाते. शेपटीतील तंतूंनाही याच बंधांमुळे ताठपणा येतो. आणि पूर्णतः नवी प्रथिने येतात ती मुख्यतः सूक्ष्म पुटिकांतून. अधिवृषणाच्या पेशी पातळ पटलाच्या अतिसूक्ष्म पिशव्या नळीत सोडतात. त्यांना एपिडिडिमोसोम म्हणतात. त्या शुक्राणूला भिडतात आणि आपल्यातला माल त्याच्या स्वाधीन करतात. स्वतः स्वयंपाक न करू शकणाऱ्या यात्रेकरूला वाटेवरच्या गावाने भाकरी द्यावी, तसा हा प्रकार आहे.

या संशोधनात आपल्या मराठी मुलखाचा वाटा मोठा आहे आणि तो आपल्याच लोकांना फारसा ठाऊक नाही. मुंबईत परळ येथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची प्रजनन आरोग्य संशोधन संस्था आहे. आता तिच्या नावात बाल आरोग्याचाही समावेश झाला आहे. तेथे डॉ. वृंदा खोले यांच्या गटाने अधिवृषणातील प्रथिनांचा पाठपुरावा अनेक वर्षे केला. उंदराच्या नव्हे, तर घुशीच्या जातकुळीतील प्रयोगशाळेतल्या 'रॅट' या प्राण्याच्या अधिवृषणाचे निरनिराळे भाग घ्यायचे, प्रत्येक भागातील शुक्राणूंची प्रथिने वेगळी करायची आणि शिरात काय आहे, पुच्छात काय आहे, मधल्या वाटेत काय आले व काय गेले याचा ताळा मांडायचा, अशी ही पद्धत होती. २०११ मध्ये या गटाने अशा भागनिष्ठ प्रथिनांची ओळख पटवून प्रसिद्ध केली. २०१२ मध्ये त्यांतील एका प्रथिनाचा प्रवास तपशिलाने मांडला. मिथिलमॅलोनेट सेमिअल्डिहाइड डिहायड्रोजिनेज असे त्याचे लांबलचक नाव. हे विकर शुक्राणूला एपिडिडिमोसोमच्या द्वारे मिळते, त्याचे प्रमाण पुरुषी संप्रेरकांवर अवलंबून असते आणि वयात येण्याच्या क्रमाशी त्याचा संबंध असतो, असे त्यांना आढळले. त्याच संस्थेतील आणखी एका गटाने २०१२ मध्ये मंद हालचालीच्या मानवी शुक्राणूंतील फॉस्फरसयुक्त प्रथिनांचा आराखडा निरोगी शुक्राणूंशी ताडून पाहिला व दोहोंत स्पष्ट फरक असल्याचे दाखवले.

संप्रेरकांवरील हे अवलंबन व्यवहारात फार महत्त्वाचे आहे, म्हणून क्षणभर थांबतो. अधिवृषणाला लागणारे टेस्टोस्टेरॉन मोठ्या प्रमाणात शेजारच्या वृषणातून थेट नळीवाटे येते. बाहेरून टोचलेले टेस्टोस्टेरॉन मेंदूतील पीयूषिका ग्रंथीला गप्प करते, वृषणाचे स्वतःचे उत्पादन घटते आणि शुक्राणूंची निर्मिती थंडावते, अनेकदा पूर्ण थांबते. हल्ली देवास-इंदूरच्या व्यायामशाळांतून तरुण मुले ही इंजेक्शने घेतात, आणि 'ताकद येईल' म्हणून मूल नसलेल्या पुरुषालाही ती दिली गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. ज्या दुखण्यावर इलाज करायचा तेच वाढवणारा हा उपचार आहे.

वृषण व अधिवृषण यांच्यात संप्रेरकांखेरीज इतरही निरोपांची देवाणघेवाण चालते. जपानमधील ओसाका येथील संशोधकांनी २०२० मध्ये उंदरांत दाखवले की नेल-टू नावाचे प्रथिन वृषणातून नळीच्या प्रवाहाबरोबर अधिवृषणाच्या शिरापर्यंत येते आणि तेथील पेशींना कामास लावते. ते प्रथिन नसेल तर अधिवृषण अपक्व राहते, पृष्ठप्रथिनांची छाटणी होत नाही आणि नर वंध्य राहतो. शुक्राणू पोहोचण्याआधीच पुढच्या गावी वर्दी धाडण्याची ही व्यवस्था आहे.

आता त्या घडी पडलेल्या कागदाकडे पुन्हा पाहू, कारण त्याला सर्वांत चोख उत्तर देणारे संशोधन २०११ मधले आहे. अधिवृषणात शुक्राणूवर बीटा-डिफेन्सिन १२६ या प्रथिनाचा दाट लेप चढतो. त्यावर शर्करेच्या साखळ्या असतात आणि त्यांच्या टोकांना सियालिक आम्ल. या लेपामुळे शुक्राणू गर्भाशयमुखाच्या चिकट स्रावातून वाट काढू शकतो आणि स्त्रीच्या प्रतिकारयंत्रणेच्या नजरेतून सुटतो. या प्रथिनाच्या जनुकातील दोन अक्षरे गळालेली असा एक प्रकार जगातील निरनिराळ्या लोकसमूहांत बराच आढळतो. आई आणि वडील दोघांकडूनही तो मिळालेल्या पुरुषांत शुक्राणूंची संख्या, हालचाल आणि स्वरूप नेहमीच्या तपासणीत ठीकच दिसते. परंतु स्रावासारख्या घट्ट द्रावणातून त्यांचे शुक्राणू कमी प्रमाणात पार होतात. चीनमधील नवविवाहित जोडप्यांचा पाठपुरावा केला तेव्हा अशा पुरुषांच्या पत्नींना गर्भ राहण्यास अधिक काळ लागला आणि मूल होण्याचे प्रमाणही कमी राहिले. त्यांना मुले होतच नाहीत असे नव्हे, पण वेळ लागतो. अहवाल 'नॉर्मल', पत्नीचे सारे ठीक, आणि तरी विलंब, अशी जी जोडपी आपण पाहतो त्यांतील काहींचे कोडे या एका लेपात असू शकेल. इकडे तो विलंब पत्नीच्या खात्यावर मांडला जात असतो.

अधिवृषणाच्या पुच्छात पोहोचलेला शुक्राणू तयार असतो, तरी लगेच कामाला लागत नाही, आणि लागूही नये. वीर्यातील इतर ग्रंथींचे स्राव त्याच्यावर आणखी आवरणे चढवून त्याला दबकून ठेवतात. ही आवरणे स्त्रीच्या जननमार्गात उतरावी लागतात. १९५१ मध्ये अमेरिकेत मिन चुए चांग आणि ऑस्ट्रेलियात ऑस्टिन यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे हे दाखवले की शुक्राणूला स्त्रीदेहात काही तास घालवल्याशिवाय फलन करता येत नाही. या शेवटच्या तयारीला कपॅसिटेशन म्हणतात. 'क्षमताप्राप्ती' हा त्याला बरा मराठी प्रतिशब्द वाटतो. तीत शुक्राणूच्या पटलातून कोलेस्टेरॉल निघून जाते, बायकार्बोनेट आत शिरून एका विकराला जागे करते, सायक्लिक एएमपी वाढते आणि अनेक प्रथिनांतील टायरोसीनवर फॉस्फेट चढू लागते. नवे प्रथिन तयार करता येत नसल्यामुळे जुन्याच प्रथिनांवर खूण करून काम साधण्याची ही युक्ती आहे. हैदराबादच्या सीसीएमबीमध्ये डॉ. शिवाजी यांच्या प्रयोगशाळेने २००४ मध्ये हॅमस्टरच्या शुक्राणूत अशी खूण झालेले एक ऊर्जाविकर ओळखून त्याचा क्षमताप्राप्तीशी संबंध दाखवला.

अखेरची ओळख तर नाट्यमय आहे. डोक्यावरची टोपी फुटल्यावरच इझुमो नावाचे प्रथिन उघडे पडते. विवाहदैवतासाठी प्रसिद्ध असलेल्या जपानमधील देवस्थानावरून २००५ मध्ये त्याला हे नाव मिळाले. स्त्रीबीजावरील त्याचा जोडीदार जुनो, रोमन विवाहदेवतेच्या नावाचा, २०१४ मध्ये केंब्रिजजवळच्या संशोधकांना सापडला. २०२४ मध्ये व्हिएन्ना येथील गटाने इझुमोबरोबर आणखी दोन प्रथिने मिळून एक त्रिकूट करतात व ते माशापासून माणसापर्यंत टिकून आहे, असे दाखवले. शास्त्रज्ञांना नावे ठेवताना आपल्याकडची एखादी देवता सुचायला हरकत नव्हती, पण ते असो.

हे सारे ज्ञान निव्वळ पुस्तकी नाही. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या वर उल्लेखिलेल्या संस्थेचे डॉ. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून परीक्षानळीतून गर्भधारणा झालेली कन्या जन्मली. अशा उपचारात शुक्राणू धुऊन, योग्य द्रावणात ठेवून त्यांची क्षमताप्राप्ती बाहेरच घडवावी लागते. चांग व ऑस्टिन यांच्या निरीक्षणावाचून ही पायरी सुचलीच नसती. १९९२ मध्ये ब्रुसेल्सहून एकच शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात सोडण्याच्या पद्धतीचे यश जाहीर झाले आणि अधिवृषणापर्यंत न पोहोचलेला, वृषणातून काढलेला शुक्राणूही पिता बनवू शकतो हे पुढे सिद्ध झाले. यावर काही सहकारी म्हणतात की मग अधिवृषणाचे एवढे कौतुक कशाला? माझ्या मते याचा अर्थ इतकाच की ती सारी प्रथिने वाट कापण्यासाठी आणि दार उघडण्यासाठी होती. सुईने वाटही वाचवली आणि दारही. पण तो उपचार बागली, उदयनगर किंवा हाटपिपल्याच्या कुटुंबाला परवडतो किती, हा प्रश्न उरतोच.

या उलट दिशेनेही काम चालू आहे. क्षमताप्राप्तीचे ते पहिले विकर तात्पुरते बंद करणारे औषध २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी उंदरांवर तपासले. एका मात्रेने शुक्राणू अडीच तासांपर्यंत निश्चल राहिले आणि दुसऱ्या दिवशी पूर्ववत झाले. माणसांत ते उपयोगी पडले तर संततिनियमनाचा भार केवळ स्त्रीवर राहणार नाही. आपल्या भागातील नसबंदी शिबिरांत पुरुष किती दिसतात हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याचे मोल सांगायला नको.

शुक्राणूच्या प्रथिनांचा अहवाल देणारी तपासणी आज नेहमीच्या प्रयोगशाळेत उपलब्ध नाही. वीर्यात शुक्राणू मुळीच नसतील तर अडथळा आहे की निर्मितीच नाही, हे दोन प्रथिनांवरून ओळखण्याची पद्धत २०१३ मध्ये टोरांटोहून सुचवली गेली, पण ती अजून आपल्या दारी आलेली नाही. तोवर साध्या गोष्टी कसोशीने कराव्यात. पती-पत्नींची तपासणी एकाच वेळी सुरू करावी. पत्नीच्या सोनोग्राफ्या, नळ्यांच्या तपासण्या व दुर्बिणीची शस्त्रक्रिया होऊन गेल्यावर मग पतीचे वीर्य तपासायचे, हा क्रम मला अन्यायाचा वाटतो. वीर्यतपासणी दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर करावी आणि सदोष आल्यास पुन्हा करावी. मधल्या काळात टायफॉइडसारखा तीव्र ताप येऊन गेला असेल तर तीन महिने थांबून करावी, कारण निर्मितीचे ७४ दिवस आणि अधिवृषणातील प्रवास इतका काळ त्याचा परिणाम रेंगाळू शकतो. आणि 'नॉर्मल' अहवाल देताना त्याचा अर्थ तोंडी सांगावा, शक्यतो सासूबाईंच्या समोर.

बालरोगतज्ज्ञाचा या विषयाशी संबंध येथे येतो. पूर्ण दिवसांच्या शंभर मुलग्यांत साधारण तिघांचे वृषण जन्मतः खाली उतरलेले नसते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हे प्रमाण पुष्कळ अधिक असते. उदरातील उष्णतेत वृषणातील मूळ पेशींची पुढची वाढ खुंटते आणि अशा मुलांत अधिवृषणाची रचनाही अनेकदा सदोष असते, कित्येकदा वृषणाशी त्याचा सांधाच नीट जुळलेला नसतो. पहिले काही महिने ते आपसूक उतरण्याची वाट पाहता येते. सहा महिन्यांनंतर ती आशा सोडावी आणि सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान शस्त्रक्रिया व्हावी, असे आजचे मत आहे. 'मोठा झाला की उतरेल' हे आजीचे आश्वासन मी अजूनही दर महिन्याला ऐकतो, आणि पाच-सहा वर्षांचा मुलगा शाळेच्या दाखल्यासाठी आणला असता अवचित हा दोष सापडतो.

गालगुंडाचेही तसेच. वयात आल्यानंतर गालगुंड झालेल्या पुरुषांत १५ ते ३० टक्क्यांना वृषणदाह होतो. सरकारी कार्यक्रमातील लसीत गोवर व रुबेला आहेत, गालगुंड नाही. बालरोगतज्ज्ञांची संघटना तिन्हींची लस सुचवते. ज्यांना शक्य आहे त्यांनी ती घ्यावी. अचानक वृषण दुखू लागलेला मुलगा लाजेने रात्रभर गप्प बसतो, आणि पीळ पडलेले वृषण सहा तासांत सोडवले नाही तर वाचण्याची शक्यता झपाट्याने घटते. घरी आईने नाही तर वडिलांनी तरी याविषयी मुलाशी आधी बोलून ठेवलेले असावे.

नवजात बालकाची तपासणी करताना एक बारीकशी सूचना माझ्या तरुण सहकाऱ्यांसाठी. पौष-माघात आपल्याकडे विंध्याच्या कुशीत थंडी चांगलीच असते. गार हाताने तपासल्यास निरोगी वृषणही वर चढते आणि न उतरल्याचा भास होतो. हात चोळून ऊन करावेत, बाळ आईच्या मांडीवर शांत असू द्यावे, मांडीच्या सांध्याकडून बोट खाली आणावे आणि दोन्ही बाजूंची नोंद लसीकरणाच्या कार्डावरच करून ठेवावी. तेच कार्ड पुढच्या लसीला आई परत आणते, आणि सहाव्या महिन्यात ती नोंद रिकामीच दिसली तर त्याच दिवशी इंदूरच्या बालशल्यचिकित्सकाच्या नावे चिठ्ठी देता येते.